सुनंदाबाईचा अंदाज

देवीच्या पायावर हात ठेवून सांगते, आणि मोठ्यानं सांगते, पलीकडच्या घरातसुद्धा ऐकू जाऊ दे: यात एक अक्षर खोटं नाही. खोटं असेल तर उद्या माझा भात करपो, आणि परवा तोच भात खायला पाहुणे येवोत.

बेंगळुरूजवळच्या येलहंक्याच्या जुन्या पेठेत कृष्णाजी आचारी राहायचे. अंगानं ओंडक्यासारखे, बोलणं कमी, आणि हाताला चव अशी की त्यांनी सांबाराला फोडणी दिली की हवाई तळावरून उडालेलं विमान देवळावर दोन घिरट्या जास्तीच्या घालायचं. पायलट खिडकीतून नाक काढून वास घेताना लोकांनी बघितलाय. दर दसऱ्याला देवीच्या देवळात आपल्या मराठी लोकांचं जेवण असायचं, आणि एकतीस वर्षं त्या जेवणाची चूल कृष्णाजींची. पण चवीपेक्षा मोठं नाव होतं अंदाजाचं. अडीचशे पानं उठोत की सव्वातीनशे, शेवटच्या माणसाला पहिल्या माणसाएवढंच मिळायचं आणि पातेल्यात उरायचा एक वाटी भात. ती वाटी देवळातल्या मांजराला. एकतीस वर्षं तेच मांजर. मांजर एवढं जगतं का, ते मला विचारू नका.

आता खरं काय ते ऐका. अंदाज कृष्णाजींचा नव्हताच.

दसऱ्याच्या आधी ते देवळामागं चुलीच्या विटा रचत बसायचे, आणि मान न वळवता कोठीच्या खोलीकडे हाक टाकायचे, "किती गं?" आतून त्यांची बायको, सुनंदाबाई, सांगायची. "तांदूळ तीस शेर. हरभऱ्याची डाळ बारा. गूळ डाळीएवढाच, पण मूठभर कमी धरा, औंदाचा गूळ गोड आहे." ताकाला दही किती, पानकाला लिंबं किती, सगळं तसंच आतून यायचं. कृष्णाजी उठायचे, हात झटकायचे आणि पंचांना जाऊन तेच सांगायचे. पंच म्हणायचे, "काय अंदाज आहे, कृष्णाजी!" कृष्णाजी मिशीतल्या मिशीत हसायचे. एकतीस वर्षं हसले. हा आकडा आतून आलाय, असं एकदाही बोलले नाहीत.

चौऱ्याण्णवच्या श्रावणात सुनंदाबाई गेल्या. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी पहाटे "दूध उतू जातंय, उतरवा," म्हणाल्या, आणि संपलं. चुलीवर दूध नव्हतं.

त्या दिवसापासून घरात रोज भात चुकायला लागला. घरात माणसं तीन. कृष्णाजी, यशवंतपूरच्या कारखान्यात लेथवर जाणारा मुलगा विनोदकुमार, आणि सून रम्या. ही रम्या तोंडानं तिखट, कामाला बरी. रांधायची ती, पण तांदूळ मापून द्यायचं काम सुनंदाबाईंचं होतं, ते आता कृष्णाजींनी हातात घेतलं. आचाऱ्याच्या घरात माप आचाऱ्यानंच द्यायचं, असं म्हणाले. पितळी माप घेऊन डब्यात वाकायचे, आणि कधी सहा माणसांचा भात व्हायचा, कधी दोघांचा. जास्त झाला की रम्या दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला भात ताकात कालवून खायची. कमी पडला की म्हणायची, "मला भूक नाही, मामा. दुपारी शेजारी उप्पिट्टु खाल्लं."

दुपारी शेजारचं घर बंद असायचं. कृष्णाजींना ते ठाऊक होतं. ते खाली बघून जेवायचे.

दसऱ्याला आठ दिवस उरले, तेव्हा उपेंद्र आला. हा पुण्याचा पोरगा, सरकारी कारखान्यात इंजिनियर, चार वर्षांमागं क्वार्टर्समध्ये राहायला आलेला. त्याला त्या वर्षी मंडळाचा सेक्रेटरी केला होता. माणूस वाईट नाही हो, पण काखेत कायम फाइल. झोपतानाही असेल.

"काका, नमस्कार. डिस्टर्ब नाही ना केलं?"

"या, बसा," कृष्णाजी म्हणाले. ते उंबऱ्यात बसून झाऱ्याचा दांडा काथ्यानं आवळत होते.

"या वर्षी जरा सिस्टिमॅटिक करू म्हणतोय. पर हेड भात किती ग्रॅम, ताक किती मिली, सगळं आधी कागदावर." त्यानं फाइल उघडली. "देवळात नावं किती आली म्हणून पुजारी जयतीर्थ आचार्यांना फोन केला होता. ऐनूरु म्हणाले. फाइव्ह हंड्रेड!"

कृष्णाजींचा हात थांबला. "पाचशे? पाचशे कधी झाली नाहीत."

"शहर वाढतंय ना काका. आता तुम्ही फक्त तुमचा आकडा द्यायचा. मी माझा काढलाय, दोन्ही टॅली करू. बुधवारी मालाला यशवंतपूरच्या मार्केट यार्डात जायचं, टेम्पो सांगून ठेवलाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि काका, राग मानू नका. काकू गेल्या, तुमचं मन नसेल, तर स्पष्ट सांगा. एक केटरर आहे माहितीतला."

"मन कशाला पाहिजे?" कृष्णाजी म्हणाले. "घरात वर्षभर सण नाही, पण देवीची चूल वेगळी. आणि अंदाज माझा आहे की. केटरर काय करायचाय?"

एकतीस वर्षं हे लोक म्हणायचे आणि ते गप्प राहायचे. स्वतःच्या तोंडानं म्हणाले ते त्याच दिवशी पहिल्यांदा. म्हणाले आणि काथ्या एवढा ओढला की बोट कापलं.

आत रम्या भाजी चिरत होती. तिनं ऐकलं. विळीचा आवाज जरा थांबला, मग परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी कृष्णाजी माप घेऊन डब्यांच्या खोलीत बसले. एवढ्या तांदळाला पाणी किती, मीठ किती, हे त्यांचे हात झोपेतही सांगायचे. पण एवढ्या माणसांना तांदूळ किती, हे हातांना ठाऊक नव्हतं. मागचे आकडे आठवून बघितले तर डोकं आणखीच फिरलं. एका वर्षी अडीचशे माणसं आणि तिनं सांगितले होते बत्तीस शेर. दुसऱ्या वर्षी तीनशे माणसं आणि अठ्ठावीस. दोन्ही वेळा बरोबर. म्हंजे ती माणसं मोजत नव्हती. मग काय मोजत होती?

माप भरलं, अंगठ्याच्या कडेनं वरचे तांदूळ सारले. ती असंच करायची. पण त्यांचा अंगठा झाऱ्यानं सुजलेला, जाड; तांदूळ जमिनीवर सांडले. ते वेचायला खाली वाकले ते वाकलेच. गुडघे उचलेनात. विनोदकुमार दुसऱ्या पाळीला निघाला होता, त्यानं काखेत हात घालून उभं केलं.

"अप्पा, सोडा आता. एकसष्ट वय झालं. घेऊ दे ना त्या केटररला."

"तू तुझी बस पकड."

"आईनं सुद्धा सोडायला सांगितलं असतं."

"तिचं नाव काढू नको," कृष्णाजी एवढ्या जोरात ओरडले की पत्र्यावरचं कबूतर उडालं. मुलगा चप्पल घालून गेला.

मग ते मोरीच्या कट्ट्यावर येऊन बसले. रम्या धुणं वाळत घालत होती. तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुला बोलली का गं ती कधी? कसं करायची ते?"

रम्यानं चिमटा तोंडातून काढला. सासूबाईंना ती कानडीत अत्ते म्हणायची. "अत्ते घरोघर जायच्या की, मामा. चार दिवस आधी. कुंकू लावायचं निमित्त. दोन वर्षं मी गेले बरोबर."

"घरोघर? मला म्हणायची बाजारात जाते."

"बाजारातच जायच्या. वाटेत चाळीस घरं लागायची."

"जाऊन काय करायची?"

"बसायच्या. बोलायच्या. आत जाऊन भाताच्या पातेल्याचं झाकण उघडून बघायच्या."

"झाकण?"

"घरात माणसं किती ते माणसं खोटं सांगतात, पातेलं सांगत नाही, म्हणायच्या."

कृष्णाजींनी मान हलवली. म्हणाले, "चल उद्या."

बाईमाणूस कुंकू घेऊन जातं. बायको गेलेला पुरुष काय घेऊन जाणार? परसातल्या करबेवाची, म्हंजे आपल्या कढीलिंबाची, त्यांनी पहाटे फांदीन् फांदी तोडली, जुड्या बांधल्या, पिशवीत भरल्या. मिशीला तेल लावलं. आणि एकसष्टाव्या वर्षी हा माणूस पहिल्यांदा दुसऱ्यांच्या दारात गेला तो चुलीसाठी नव्हे.

पहिलं घर कापडवाल्या अप्पासाहेबांचं. कृष्णाजी ओसरीवर बसले, जुडी पुढं केली आणि घाम पुसत राहिले. काय बोलायचं ते सुचेना. रम्या आत गेली, झाकण बघून आली. मुलगी बाळंतपणाला आलेली, सासरची पाच माणसं दसऱ्याला येणार. अप्पासाहेबांना साखरेचा आजार निघालेला, पोळी बंद.

बाहेर आल्यावर रम्या म्हणाली, "अत्ते असत्या तर म्हणाल्या असत्या, अप्पासाहेबांच्या दोन पोळ्या धरा. घरात बंद आहे, देवळात नाही."

कृष्णाजी स्वल्प हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

पुढचं घर श्रीधरराव आणि त्यांचा भाऊ सुनीलकुमार यांचं. त्या वर्षी घराच्या मधोमध भिंत उठली होती. दारं दोन, तुळशी दोन, आणि भिंतीवर बसलेला कोंबडा कुणाचा यावरून पोलिस येऊन गेले होते. पोलिसांनी कोंबड्यालाच विचारलं म्हणतात. कृष्णाजींनी दोन्हीकडे जुडी दिली. दोन्हीकडच्या बायका म्हणाल्या, "ते येणार असतील तर आम्ही दुसऱ्या पंगतीला."

"इथं माणसं दहा," कृष्णाजी रस्त्यावर म्हणाले.

"पंधरा धरा, मामा. भांडलेली माणसं एकमेकांकडे बघत जेवतात, जास्त जेवतात. अत्तेंनी मला हेच शिकवलं होतं."

"आणखी काय शिकवलं होतं?"

"ढग असले तर ताक कमी, सार जास्त. आजारातून उठलेलं घर असेल तर भात मऊ आणि थोडा वरचढ. परीक्षेत पोर नापास झालं असेल तर ते घर जेवायला येत नाही, त्यांचा डबा वेगळा काढायचा."

कृष्णाजी ऐकत चालले. एकतीस वर्षं हे सगळं त्यांच्या पाठीमागं, एका खोलीत, एका डोक्यात चाललेलं होतं. आणि ते विटा रचत होते.

दुपारी क्वार्टर्समध्ये गेले. तिथं दारं बंद, खिडक्यांना पडदे. शलाका नावाच्या बाईनं दार किलकिलं केलं. "अय्या, कढीपत्ता! थँक्यू हं काका. पण आम्ही दसऱ्याला नाही आहोत. पुण्याला चाललोय. मुलांना सुट्टी ना." पुढचं दार, तेही पुण्याला. तिसरं नागपूरला. चौथ्या दारात उपेंद्रची बायको विद्या होती. ती म्हणाली, "अहो, या दहा दिवसांत आमची अर्धी कॉलनी रिकामी असते." मग रम्याकडे बघून हसली, "आमच्या साहेबांनी पाचशे धरलेत ना? मी म्हटलं होतं, कोण येणार एवढे!"

शेवटी सोयराबाई. ऐंशीच्या पुढची म्हातारी, एका खोलीत एकटी. तिचं पातेलं बघायला उठावं लागलं नाही, समोरच होतं, पेल्याएवढं. तिनं करबेव हुंगला आणि कृष्णाजींच्या दंडाला धरून शेजारी बसवलं.

"ती यायची रे. दर वर्षी. माझं झाकण उघडायची. एवढासा भात बघून म्हणायची, अक्का, दसऱ्याला पोटभर वाढायला सांगते यांना."

"मला नाही कधी सांगितलं."

"तुला कशाला सांगेल? वाढायची तीच." म्हातारी बोळक्यानं हसली. "मी एकदा विचारलं, सुनंदे, घरोघर का फिरतेस उन्हात? तर म्हणाली, आमचे हे काय अंदाज करतात, अक्का! देवाची देणगी आहे. मी आपली दोनचार घरची खबर त्यांच्या कानावर घालते, बाकी त्यांचं डोकं."

कृष्णाजींनी खाली बघितलं. "असं म्हणाली?"

"प्रत्येक घरात असंच म्हणायची. तुझं नाव काय आपोआप झालं होय रे?"

कृष्णाजींनी पिशवी गुंडाळली, परत उलगडली, परत गुंडाळली. त्यांनी लपवलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं. तीही लपवत होती, दारोदार जाऊन, उन्हात, हे ठाऊक नव्हतं. रम्यानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ती म्हातारीच्या माठात पाणी भरायला उठली. माठ भरलेलाच होता.

घरी जाताना ते देवळात शिरले. जयतीर्थ आचार्य तोंडात पान घेऊन ओट्यावर बसले होते. कृष्णाजींनी कानडीत विचारलं, नावं किती आली?

"इन्नूरु," आचार्य म्हणाले. म्हंजे दोनशे.

"त्या पोराला तुम्ही ऐनूरु सांगितलंत. पाचशे!"

आचार्यांनी जाऊन पान थुंकलं, तोंड पुसलं आणि परत येऊन म्हणाले, "इन्नूरु, मारायरे! ऐनूरु कुठून आणू? त्या पोराला कानडीही येत नाही आणि माझ्या तोंडात पान होतं."

त्या रात्री मापं झाली. कृष्णाजी एकेक घर सांगायचे, रम्या बोटांवर धरायची. दोनशे नावं, शिवाय नाव न देता येणारी पस्तीस. रुसलेल्यांचं जास्तीचं, पुण्याला गेलेल्यांचं वजा. आभाळ स्वच्छ होतं, म्हणून ताक भरपूर. सगळं मिळून तांदूळ अठ्ठावीस शेर, हरभऱ्याची डाळ अकरा, दही चाळीस शेर.

मंगळवारी संध्याकाळी देवळाच्या मंडपात बैठक. उपेंद्रनं कागद वाचला, पाचशे माणसं, साडेबावन्न किलो तांदूळ. मग म्हणाला, "काका, तुमचा आकडा?"

"दोनशे पस्तीस माणसं," कृष्णाजी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. इन्नूरु, ऐनूरु, आचार्यांचं पान, रिकामी कॉलनी.

मंडप एवढा हसला की घंटा आपोआप हलली. उपेंद्रचे कान लाल झाले, पण पोरगा चांगला. स्वतःच हसून त्यानं कागद टराटरा फाडला. "काका, वाचवलंत. दोनशे पासष्ट माणसांचं अन्न गटारात गेलं असतं."

"हाच तो अंदाज!" श्रीधरराव म्हणाले. "आहे का कुठल्या केटररकडे?"

"यंदा काकांचा सत्कार करायचाच," दुसरा कुणी बोलला. "शाल, श्रीफळ, माइकवर."

कृष्णाजी उभे राहिले. धोतराचा सोगा मुठीत धरला. एवढ्या लोकांसमोर ते कधी बोलले नव्हते.

"ऐका जरा," ते म्हणाले. "हा अंदाज माझा नाही. कधीच नव्हता. सुनंदा सांगायची. मी नुसतं येऊन बोलायचो."

अप्पासाहेबांनी डोळे पुसले. "बघा," ते म्हणाले, "केवढा जीव होता बायकोवर."

"जीव नाही म्हणत मी," कृष्णाजी म्हणाले. "मापं म्हणतो. शेर. शेर ती सांगायची."

"समजतं, कृष्णाजी. बसा तुम्ही. अजून ओलं दुःख आहे."

"अहो, दुःख नाही सांगत, खरं सांगतो. घरोघर ती फिरायची. तुमच्या घरी नव्हती येत?"

"यायची की, कुंकू लावायला. लक्ष्मीच होती." अप्पासाहेबांनी त्यांच्या खांद्याला धरून खाली बसवलं, ताप आलेल्या पोराला बसवावं तसं. मोठा माणूस, विनय बघा, असं मागची माणसं कुजबुजली. विनोदकुमार खांबाशी उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "अप्पा, लोकांसमोर आईला असं मधे आणून रडायचं नसतं."

"तुलाही खरं वाटत नाही?"

"काय खरं वाटायचंय? आईला देवळाच्या मापातलं काय कळत होतं? ती कोठीत चिंचा निवडत बसायची."

कृष्णाजी घरापर्यंत चालत आले, रस्त्याच्या कडेकडेनं.

दसऱ्याच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत चुली पेटल्या. सरपण ओलं निघालं. धुरानं डोळ्यांना धारा लागल्या, सगळ्यांच्याच, म्हणून कुणी कुणाला विचारलं नाही. डाळ शिजली, कट काढला, पुरण घोटायला चार बाया बसल्या. कृष्णाजींच्या पाठीतून कळ निघत होती. काहिलीवर वाकले की उठताना झाऱ्याचा दांडा जमिनीला टेकवून उठायचे. भाताला आधण आलं, पाणी रटरटायला लागलं, आणि त्यांच्या तोंडून, मान न वळवता, सवयीनं हाक गेली, "किती गं?"

कोठीच्या दारात उपेंद्र नवीन यादी घेऊन उभा होता. त्यानं खणखणीत उत्तर दिलं, "चोवीस पॉइंट सात किलो, काका!"

सगळे खो खो हसले. पुरणवाल्या बायांचे हात थांबले. कृष्णाजीही हसले. हसता हसता तोंड चुलीकडे वळवलं आणि फुंकणी घेऊन पेटलेल्या चुलीतच फुंकत राहिले.

पंगती बसल्या. पहिली, दुसरी, तिसरी. श्रीधररावांनी नऊ पोळ्या खाल्ल्या, तिकडे सुनीलकुमारनं बघून दहावी मागितली. अप्पासाहेबांनी इकडे तिकडे बघून दोन. सोयराबाईंच्या पानाशी कृष्णाजी स्वतः वाढायला गेले, भाताचा डोंगर केला, म्हातारी पुरे म्हणेना आणि ते थांबेनात. ऊन कडक, ताकाचे हंडे भराभर उतरले. शेवटची पंगत उठली तेव्हा भाताच्या पातेल्यात दोन माणसांपुरतं होतं, सार तेवढंच, ताक एक तांब्या. रम्या दुरून बघत होती. असं जुळलं होतं, तराजूनं जोखल्यासारखं.

मग सत्कार. शाल पांघरली, उकाड्यात ती मानेला टोचत होती. श्रीधररावांनी माइकवर सांगितलं की असा अंदाज पुन्हा होणे नाही. टाळ्या वाजल्या. माइक कृष्णाजींच्या तोंडासमोर धरला. ते म्हणाले, "हे तिचं आहे." माइक कुई करून ओरडला. लोकांना अर्धं ऐकू आलं, बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि टाळ्या आणखी जोरात वाजल्या.

भांडी गोळा होत असताना उपेंद्र आला. "काका, हे आता डॉक्युमेंट करून ठेवतो. पुढच्या पिढीला उपयोगी. सांगा, स्टेप बाय स्टेप."

कृष्णाजी पायरीवर बसले. शाल मांडीवर घेतली आणि सावकाश सांगू लागले. घरोघर जायचं. रिकाम्या हाती जायचं नाही. पातेल्याचं झाकण उघडून बघायचं. आजारी कोण, रुसलंय कोण, गावाला कोण निघालंय. उपेंद्रचं पेन भराभर चाललं होतं, इंग्रजीत. शेवटी कृष्णाजींनी त्याच्या मनगटाला धरलं. "आणि वर मोठं लिहा, कुणाचं आहे ते. सुनंदाबाई. मी आचारी, मी लबाड माणूस, पण हे लिहा."

"लिहितो ना काका, लिहितो." त्यानं वर एक ओळ लिहिली, खाली रेघ मारली, कागद त्यांच्या हातात दिला. "तुमच्याकडेच ठेवा. उद्या झेरॉक्सला नेतो." आणि तो टेम्पोवाल्याला हाका मारत गेला.

कृष्णाजींना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी रम्याला बोलावलं. ती राखेनं भरलेले हात पदराला पुसत आली.

"वर काय लिहिलंय, वाच."

रम्यानं वाचलं. "सुनंदाबाईचा अंदाज, असं लिहिलंय, मामा."

"परत वाच."

"सुनंदाबाईचा अंदाज."

कृष्णाजींनी कागदाच्या चार घड्या केल्या, खिशात ठेवला, वर हात दाबून धरला. मग म्हणाले, "पान मांड गं. दोन मांड. भूक लागली." आणि उरलेला दोघांपुरता भात सासऱ्या-सुनेनं समोरासमोर बसून खाल्ला. श्रावणापासून पहिल्यांदा पोटभर.

असं मी सांगत आले. बाकी सगळं खरं आहे, शपथ घेतली ती मागं घेत नाही. पण एवढं एक पदरचं घातलंय.

कागदावर वर लिहिलं होतं ‘कृष्णाजी मेथड’. आणि रम्यानं तेच वाचलं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, पीयूसी, म्हंजे बारावी, पास, इंग्रजी वाचता येतं याचा तोरा होता. कुणी काही वाचायला दिलं की होतं तसं खणखणीत वाचायचं, एवढंच कळत होतं. वाचून झाल्यावर मामांच्या तोंडाकडे बघितलं आणि मग कळलं, पण शब्द बाहेर पडले होते.

मामा म्हणाले, "सरी." म्हंजे बरं. शाल बाजूला ठेवली आणि पातेली घासायला बसले. भात तसाच राहिला. आम्ही दोघंही जेवलो नाही.

त्यानंतर मी खोटं बोलायला शिकले, आणि चांगलं शिकले, तुम्ही ऐकताच. पण तोवर मामा नव्हते.